सर्व्हर नवा, पासवर्ड जुनाच

या वेळच्या टपालातली चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली. डेटा नव्या घरी पोचला, पण त्यात ये-जा करणारी माणसं बाहेरच राहिली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते आणि या चौघांनाच उत्तरं देते. नेहमीप्रमाणे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

प्रश्न : आमची कर्मचाऱ्यांची सहकारी पतसंस्था आहे, मुख्य कचेरी आणि तीन शाखा. सर्व्हरवर मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रामची ५.७ आवृत्ती होती. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने नवा सर्व्हर बसवून त्यावर ८.० टाकलं आणि आमच्या डेटाबेसचा डम्प, म्हणजे फाइलीत उतरवलेली नक्कल, चढवला. सभासद, ठेवी, कर्जं सगळं जागेवर दिसतं, पण एकाही काउंटरवरून लॉगिन होत नाही, 'ॲक्सेस डिनाइड' येतं. पुरवठादार म्हणतो, सगळ्यांचे पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवा, मी खाती नव्याने बनवतो. आमचा एक ओळखीचा म्हणतो, जुन्या सर्व्हरवरचा 'मायएसक्यूएल' नावाचा डेटाबेसही उचलून नव्यावर टाका, खाती आपोआप येतील. कोणाचं ऐकावं? जुना सर्व्हर अजून चालू आहे. — एक लिपिक, सांगली जिल्हा

उत्तर : दोघांचंही नको. जुना सर्व्हर चालू आहे हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. नव्या सर्व्हरवर एकदा महिनाअखेरीचं व्याज निघून तेरीज जुळेपर्यंत जुन्याला हात लावू नका. त्याची हार्ड डिस्क 'दुसरीकडे कामाला येईल' म्हणून कुणी मागितली तरी देऊ नका.

पासवर्ड व्हॉट्सॲपवर मागवायचे नाहीत. गोपनीयतेवर प्रवचन देत नाही, मुद्दा व्यवहाराचा आहे. पतसंस्थेत नोंद टाकणारा एक असतो आणि ती मंजूर करणारा दुसरा. मंजुरी देणाऱ्याचा पासवर्ड पुरवठादाराच्या फोनमध्ये जाऊन बसला आणि उद्या एखाद्या कर्जाच्या नोंदीबद्दल व्यवस्थापक म्हणाले की ही मी केलेली नाही, तर लेखापरीक्षकाने काय लिहायचं? आणि मुळात पासवर्ड मागवायची गरजच नाही.

सर्व्हरकडे कुणाचाही पासवर्ड नसतो, त्याचा हॅश असतो, म्हणजे पासवर्डवर ठरलेली गणिती क्रिया करून आलेली चिन्हांची ओळ. पिठाचा पुन्हा गहू होत नाही, तसा हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही. पण लॉगिनच्या वेळी टाकलेला पासवर्ड खरा की खोटा, एवढं ठरवायला हॅश पुरतो. ५.७ मधली बहुतेक खाती 'मायएसक्यूएल नेटिव्ह पासवर्ड' या पद्धतीची असतात. पासवर्डवर शा-१ ही क्रिया दोनदा चालवायची, त्यातून आलेली ४० चिन्हं घ्यायची आणि पुढे एक तारांकन लावायचं, अशी ही ४१ चिन्हांची ओळ. ती जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर पोचली की सगळे जण आपल्या जुन्याच पासवर्डने आत जातात. पासवर्ड काय होता हे ना तुम्हाला कळायला हवं, ना पुरवठादाराला.

तुमच्याकडे ही ओळ पोचलीच नाही, कारण मायएसक्यूएलमध्ये सर्व्हरची खाती तुमच्या डेटाबेसात राहत नाहीत. ती 'मायएसक्यूएल' याच नावाच्या वेगळ्या डेटाबेसात, 'युजर' नावाच्या टेबलात असतात. पुरवठादाराने फक्त पतसंस्थेच्या डेटाबेसचा डम्प घेतला, त्यामुळे ठेवी आल्या आणि खाती मागे राहिली. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक काउंटरला थेट सर्व्हरचं खातं दिलेलं दिसतं. ही जुनी पद्धत आहे. ज्यांच्याकडे कर्मचाऱ्यांची लॉगिनं सॉफ्टवेअरच्याच एखाद्या टेबलात असतात, त्यांचे हॅश डम्पबरोबर येतात आणि अडतं ते फक्त सॉफ्टवेअरचं एक खातं.

आता तुमच्या ओळखीच्या माणसाचा सल्ला. सल्ल्याचा रोख बरोबर आहे, पण ५.७ मधून ८.० मध्ये तो अंगाशी येतो. ५.७ मध्ये ते युजर टेबल साठवणीच्या मायआयसॅम प्रकारचं होतं, ८.० मध्ये ते इनोडीबी प्रकारचं झालं आणि त्यातले कॉलम बदलले. शिवाय ८.० सर्व्हर स्वतःच्या कामासाठी 'मायएसक्यूएल डॉट इन्फोस्कीमा' नावाचं एक खातं ठेवतो, जे ५.७ मध्ये नव्हतंच. जुनं टेबल वर चढवलं की ते खातं जातं. मग साधी टेबलांची यादी मागितली तरी 'हा डिफायनर (म्हणजे बनवणारं खातं) अस्तित्वात नाही' अशी तक्रार सुरू होते. लोक इंटरनेटवर शोधून ते एक खातं हाताने बनवतात, तक्रार थांबते, आणि आतली बाकी मोडतोड तशीच राहते. जुन्याच डेटा फोल्डरवर, जागच्या जागी, ८.० बसवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा सर्व्हर स्वतः ही टेबलं नव्या घडणीत आणतो आणि खाती हॅशसकट टिकतात. ८.०.१६ पासून हे आपसूक होतं, त्याआधी 'मायएसक्यूएल अपग्रेड' हा प्रोग्राम वेगळा चालवावा लागे. तुमचा डेटा मात्र डम्पच्या वाटेने गेला, तेव्हा खातीही आज्ञांच्या रूपातच न्यायला हवीत.

जुन्या सर्व्हरवर रूट या मुख्य खात्याने शिरा आणि युजर टेबलातून युजर, होस्ट (कुठल्या पत्त्यावरून) आणि प्लगइन (पासवर्डची पद्धत) हे तीन कॉलम काढून कागदावर छापून घ्या. तो कागद घेऊन व्यवस्थापकांजवळ बसा. सेवानिवृत्त झालेला कॅशिअर, बदलून गेलेला शाखाधिकारी, मागच्या पुरवठादाराने बनवलेलं 'टेस्ट' नावाचं खातं, अशी नावं त्यात हमखास निघतात. ती खोडा. खाती हलवण्याइतकी खाती झाडायची संधी पुन्हा लवकर मिळत नाही. रूट आणि 'मायएसक्यूएल डॉट'ने सुरू होणारी सर्व्हरची स्वतःची खातीही नेऊ नका, नव्या सर्व्हरवर ती आहेतच.

उरलेल्या प्रत्येक खात्यासाठी दोन आज्ञा आहेत. 'शो क्रिएट युजर' दिलं की ते खातं जसंच्या तसं पुन्हा बनवणारी आज्ञा हॅशसकट मिळते. 'शो ग्रँट्स फॉर' दिलं की त्या खात्याला कोणत्या टेबलांवर कोणते अधिकार आहेत ते मिळतं. सगळं एका फाइलमध्ये जमा करा, प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम टाका, आधी खाती बनवण्याच्या सगळ्या ओळी आणि मग अधिकारांच्या, असा क्रम लावा आणि फाइल नव्या सर्व्हरवर चालवा. ५.७ मध्ये अधिकार देता देताच खातं बनवता यायचं, ८.० मध्ये ती सोय काढून टाकली आहे. म्हणून क्रम चुकला तर अधिकाराच्या ओळी नाकारल्या जातात. खाती पुष्कळ असतील तर पर्कोना टूलकिटमधलं 'पीटी-शो-ग्रँट्स' हे साधन सगळ्यांची अशी फाइल एका दमात काढून देतं.

ही फाइल मात्र जपा. नेटिव्ह पद्धतीच्या हॅशमध्ये मीठ नसतं, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळं असं काही त्यात मिसळलेलं नसतं. दोघांचा पासवर्ड एकच असेल तर दोघांसमोर हुबेहूब एकच ओळ दिसते. फाइल उघडलीत की तुम्हालाच दिसेल, आणि बहुधा ती ओळ संस्थेच्या नावापुढे '१२३' लावलेल्या पासवर्डची असेल. २०१२ मध्ये लिंक्डइनचे असेच बिनमिठाचे शा-१ हॅश बाहेर पडले आणि लोकांनी त्यातले लाखो पासवर्ड भराभर ओळखून काढले. हॅश उलटवता येत नसला तरी नेहमीच्या पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवलेल्या याद्या मिळतात. काम झालं की फाइल पुसा, ईमेलने कुणालाही पाठवू नका.

एवढं करूनही दोन-तीन काउंटर अडतील, हे आधीच सांगून ठेवते. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नुसतं नाव नव्हे, नाव आणि होस्ट मिळून एक खातं होतं. 'काउंटर२' हे खातं १९२.१६८.०.% या पत्त्यांवरून येण्यासाठी बनवलं असेल आणि नव्या सर्व्हरबरोबर तुमच्या पुरवठादाराने राउटरही बदलून पत्ते १९२.१६८.१ ने सुरू केले असतील, तर पासवर्ड अचूक असूनही 'ॲक्सेस डिनाइड' येणारच. त्या संदेशात नावापुढे कोणता पत्ता छापलाय ते बघा. निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच असतं आणि लोक मात्र पासवर्ड बदलत बसतात. होस्टच्या जागी नुसतं % टाकून जगातल्या कुठल्याही पत्त्याला दार उघडं करण्याचा सल्ला मिळेल. पैशांच्या संस्थेत तो घेऊ नका.

दुसरी जागा रात्रीच्या कामांची. व्ह्यू (साठवून ठेवलेल्या चौकशा), प्रोसीजर (साठवलेल्या आज्ञांचे संच) आणि ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञा) ज्या खात्याने बनवले त्याचं नाव 'डिफायनर' म्हणून त्यांच्यात कोरलेलं असतं. मघाशी आपण खोडलेल्या नावांपैकी एखाद्याने व्याजाची प्रोसीजर बनवलेली असेल, तर ती १४४९ क्रमांकाची चूक दाखवून थांबेल. तेव्हा खोडण्यापूर्वी इन्फर्मेशन स्कीमातल्या रूटीन्स, व्ह्यूज आणि ट्रिगर्स या टेबलांतला डिफायनर कॉलम बघून घ्या. आणि डम्प घेताना पुरवठादाराने '--रूटीन्स' हा पर्याय दिला होता ना, ते विचारा. न दिल्यास मायएसक्यूएलडम्प प्रोसीजर घेतच नाही, आणि ते कळतं थेट व्याजाच्या दिवशी.

शेवटचं, पुढच्या वर्षाची तरतूद. आणलेली खाती ८.० मध्ये नेटिव्ह पद्धतीनेच चालतील. पण नवं खातं बनवलंत की ८.० त्याला 'कॅशिंग शा-२' ही नवी पद्धत लावतं, आणि काउंटरवरचा जुना कनेक्टर, म्हणजे सॉफ्टवेअरला सर्व्हरशी जोडणारा भाग, ती ओळखत नसेल तर २०५९ क्रमांकाची चूक येते. अशा वेळी नव्या खात्याला जुनी पद्धत लावायचा मोह होईल. त्याऐवजी कनेक्टर बदलायला लावा. कारण २०२४ मध्ये आलेल्या ८.४ मध्ये नेटिव्ह पद्धत मुळातच बंद ठेवलेली आहे, सेटिंग लिहून मुद्दाम चालू करावी लागते, आणि ९.० मधून ती पुरती काढून टाकली आहे. ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच, म्हणजे ८.४ कडे जाणं काही टळत नाही. एका पद्धतीचा हॅश दुसऱ्या पद्धतीत बदलता येत नाही, त्यासाठी माणसानेच नवा पासवर्ड टाकावा लागतो. म्हणून एकेका काउंटरला कनेक्टर बदलला की तिथल्या माणसाला समोर बसवून नव्या पद्धतीचा पासवर्ड ठेवायला सांगा. घाई नाही, महिन्याला एक शाखा धरलीत तरी पुरे.

नव्या पद्धतीच्या हॅशमध्ये मात्र न छापता येणारी चिन्हं असतात. पुढच्या वेळी 'शो क्रिएट युजर'चं उत्तर कॉपी-पेस्ट कराल तर ती वाटेत सांडतील. आधी 'प्रिंट आयडेंटिफाइड विथ ॲज हेक्स' हे सेटिंग चालू करा, म्हणजे हॅश साध्या आकडे-अक्षरांत मिळेल.

प्रश्न : पाणीपुरवठ्याच्या नकाशांसाठी आम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रोग्राम वापरतो. आवृत्ती १२ वरून १७ वर जाताना पीजी-डम्पने बॅकअप घेतला. रिस्टोअर करताना 'रोल अस्तित्वात नाही' अशा शेकडो ओळी आल्या आणि सगळी टेबलं 'पोस्टग्रेस' या मुख्य खात्याच्या मालकीची झाली. — एक अभियंता, नागपूर

उत्तर : पीजी-डम्प एका डेटाबेसपुरतंच बघतो. पोस्टग्रेसमध्ये खाती, म्हणजे रोल, सगळ्या डेटाबेसांमध्ये सामाईक असतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी आज्ञा आहे : 'पीजी-डम्पऑल --ग्लोबल्स-ओन्ली'. जुन्या सर्व्हरवर मुख्य खात्याने ती चालवा, मिळालेली फाइल नव्यावर आधी चढवा आणि मग डेटाबेस रिकामा करून पुन्हा रिस्टोअर करा. मालकी, अधिकार, पासवर्ड सगळं जागेवर येईल. आहे त्यावरच हाताने एकेका टेबलाची मालकी बदलत बसू नका, अधिकार कुठेतरी सुटतातच. पुढच्या वेळी पीजी-अपग्रेड वापरलंत तर रोल आपोआप येतात.

तरीही लॉगिन होणार नाही, आणि दोष पासवर्डचा नसेल. कुणी कुठून आणि कोणत्या पद्धतीने आत यायचं ते ठरवणारी 'पीजी-एचबीए' ही फाइल यातल्या कुठल्याच वाटेने येत नाही, तुमचे पत्त्यांचे नियम तिच्यात पुन्हा लिहावे लागतील. १२ मध्ये पासवर्ड मूळ सेटिंगप्रमाणे एमडी-५ पद्धतीने साठायचे. १४ पासून मूळ पद्धत स्क्रॅम झाली, आणि नव्या फाइलमध्ये बहुधा स्क्रॅमच लिहिलेलं असेल. तिथे एमडी-५ हॅशवाला माणूस आत जाऊच शकत नाही. तूर्त त्या ओळींवर 'एमडी-५' लिहा. नाव जुनं असलं तरी त्या ओळीवर दोन्ही पद्धतींचे हॅश चालतात. मग एकेकाला पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आज्ञा-खिडकीत उलटी तिरकी रेघ देऊन 'पासवर्ड' ही आज्ञा वापरून आपला पासवर्ड पुन्हा टाकायला सांगा. ती आज्ञा हॅश आपल्याच संगणकावर करते, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये पासवर्ड उघडा उमटत नाही. पीजी-ऑथआयडी या यादीत 'एमडी५'ने सुरू होणारा एकही हॅश उरला नाही की ओळींवर स्क्रॅम लिहा. १८ वी आवृत्ती तर एमडी-५ पासवर्ड ठेवताना इशाराच देते.

आणि हो, हे होईपर्यंत कुठल्याही रोलचं नाव बदलू नका. एमडी-५ हॅशमध्ये त्या रोलचं नाव मिसळलेलं असतं, म्हणून नाव बदललं की पोस्टग्रेस तो पासवर्ड पुसून टाकतं.

प्रश्न : परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळाची वेबसाइट मी स्वयंसेवक म्हणून सांभाळतो. साइट जुनी, पीएचपीत लिहिलेली, सभासदांचे पासवर्ड एमडी-५ हॅश करून ठेवलेले. आता साइट नव्याने बांधतोय. नवा प्रोग्रामर म्हणतो, सगळ्यांना रिसेटची लिंक पाठवू. आमचे निम्मे सभासद सत्तरीपुढचे आहेत, फोन मला येतील. — मंडळाचा एक कार्यकर्ता

उत्तर : फोन येतील, आणि गणपतीच्या तिकिटांच्या आठवड्यात येतील. शिवाय निम्म्या सभासदांचे ईमेल पत्ते जुन्या नोकरीतले असतील, त्यांना लिंक पोचणारच नाही. सगळ्यांना रिसेट करायला लावणं प्रोग्रामरला सोपं आहे, एवढाच त्याचा गुण. हॅश बाहेर फुटल्याचा संशय असेल तेव्हाच ते करावं.

बहुतेक जण सांगतात तो उपाय असा. सभासद जुन्या पासवर्डने लॉगिन करतो त्या क्षणी पासवर्ड प्रोग्रामच्या हातात असतो. तो जुन्या पद्धतीने तपासायचा, बरोबर निघाला की लगेच 'पासवर्ड हॅश' या फंक्शनने नवा हॅश काढून जुन्याच्या जागी ठेवायचा. सभासदाला काही कळतही नाही. एप्रिल २०२५ मध्ये वर्डप्रेस ६.८ ने जुन्या पद्धतीवरून बीक्रिप्ट या फोडायला अवघड हॅश पद्धतीवर उडी मारली ती याच रीतीने, लॉगिन करेल त्याचा हॅश बदलत.

तुमच्यासाठी मी यात एक पायरी आधी घालेन. मंडळाचे सभासद वर्षाकाठी एकदोनदा लॉगिन करतात आणि काही जण तीन-तीन वर्षं फिरकत नाहीत. त्यांचे एमडी-५ हॅश तोवर टेबलात पडून राहतील, आणि साध्या पासवर्डांचे एमडी-५ हॅश आज काही मिनिटांत ओळखून काढता येतात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या एमडी-५ हॅशांवर बीक्रिप्ट चालवा, म्हणजे पासवर्डचा नव्हे, हॅशचा हॅश. शेजारच्या कॉलममध्ये 'दुहेरी' अशी खूण ठेवा. अशा सभासदाचं लॉगिन तपासताना आधी एमडी-५, मग बीक्रिप्ट. जुळलं की साधा बीक्रिप्ट हॅश ठेवून खूण काढा. जुन्या साइटचे बॅकअप सर्व्हरवर ठेवले असतील तर तेही हलवा, नाहीतर पुढचं दार बदलून मागचं उघडंच राहिलं.

हे करण्याआधी कॉलमची रुंदी बघा. एमडी-५ हॅश ३२ अक्षरांचा असतो आणि जुन्या लोकांनी कॉलमही नेमका ३२ चाच ठेवलेला असतो. बीक्रिप्टला ६० लागतात, पीएचपीचं मॅन्युअल २५५ ठेवायला सांगतं. मायएसक्यूएल कडक मोडमध्ये नसेल तर उरलेली अक्षरं गुपचूप कापतं, आणि कापलेला हॅश कुणालाच आत घेत नाही. हलवण्याआधी आणि नंतर 'कोणत्या लांबीचे किती हॅश आहेत' एवढी एक मोजणी करा. आकडे जुळले नाहीत तर तिथेच थांबा.

जुन्या साइटची कॉन्फिग फाइलही चाळा. त्या काळी पुष्कळ जण पासवर्डमध्ये एक गुप्त शब्द मिसळून मग एमडी-५ करत, आणि तो शब्द डेटाबेसात नसून त्या फाइलमध्ये असे. डम्प कितीही चोख असला तरी तो शब्द मागे राहिला की सगळे हॅश निरुपयोगी.

आणि सभासद क्रमांक बदलू देऊ नका. नवा प्रोग्रामर म्हणेल, नव्या टेबलात क्रमांक आपोआप पडतील. पडतील, आणि वर्गणीचं टेबल अजून जुन्याच क्रमांकांवर बोट ठेवून असेल. मग पासवर्ड व्यवस्थित चालतो, सभासद आत शिरतो आणि त्याला दुसऱ्याची थकबाकी दिसते. लॉगिन न होण्यापेक्षा हे कितीतरी वाईट, कारण याची तक्रार लगेच येत नाही. नवी साइट मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेसवर नेणार असाल तर आणखी एक काम. मायएसक्यूएल सहसा लहान-मोठी रोमन अक्षरं सारखीच धरतं, पोस्टग्रेस धरत नाही. फोनवर ईमेलचं पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं, तेवढ्याने सभासद 'सापडत नाही' ठरतो. पत्ते लहान अक्षरांत करून साठवा आणि लॉगिनच्या वेळीही तसंच करून तुलना करा. चाचणीच्या प्रतीत मात्र ईमेल पत्ते खोटे करून ठेवा. चाचणी सर्व्हरवरून सगळ्या सभासदांना एकदम पत्र गेलं, तर वाचवलेले फोन त्याच दिवशी येतील.

प्रश्न : मी एका मराठी साइटवर पासवर्ड म्हणून मराठीतलंच एक वाक्य ठेवलं होतं, 'दुसऱ्या मजल्यावरची खिडकी' या धर्तीचं. साइट नवी झाल्यापासून घरच्या संगणकावरून लॉगिन होतं, फोनवरून होत नाही. पासवर्ड चुकत नाही, दहादा बघितलं. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या महिन्यातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न. तुमचा पासवर्ड चुकत नाही, तुमचा 'ऱ्या' चुकतो.

युनिकोडमध्ये हा अर्धा ऱ तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ०९३१ क्रमांकाचं स्वतंत्र ऱ अक्षर. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं 'झिरो विड्थ जॉइनर' हे चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात आणि पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके. पण हॅश अक्षरांचा नाही, त्यांच्यामागच्या बाइटांचा निघतो, आणि ते तिन्हींचे वेगळे आहेत. संगणकावरचा तुमचा कीबोर्ड एक तऱ्हा टाकतो, फोनवरचा दुसरी. जुनी साइट टाकलेला मजकूर आधी एका ठरावीक रूपात आणत असावी, आणि नव्यात ते गळलं. तसं नसेल तर तुम्ही पूर्वी फोनवरून कधी लॉगिनच केलं नसेल. आकड्यांचंही तसंच, मराठी ५ आणि रोमन 5 हे दोन वेगळे आकडे.

साइट चालवणाऱ्यांना हा अंक दाखवा आणि सांगा, की पासवर्ड आधी आला तसाच तपासावा, जुळला नाही तर युनिकोडचं 'एनएफसी' रूप करून पुन्हा तपासावा. त्याने पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही, त्यासाठी र, हलन्त आणि तो अदृश्य जॉइनर यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायची वेगळी ओळ लिहावी लागेल. साठवलेल्या हॅशला मात्र त्यांनी हात लावू नये.

तुमच्यासाठी आणखी एक. ती साइट बीक्रिप्ट वापरत असेल तर ते पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं. एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे २४ चिन्हं, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. एकटा 'क्ष' तीन चिन्हं खातो. तुमचा तो नमुना त्यात जेमतेम मावतो, त्याहून लांब वाक्याचा शेवट मात्र कुणी बघत नाही. संगणकावरून लॉगिन होतंय तोवर आत जाऊन पासवर्ड बदला. मराठीच ठेवा, फक्त 'ऱ्या', 'ऱ्ह' आणि आकडे नसलेले शब्द निवडा, आणि बाहेर पडण्याआधी फोनवरून एकदा लॉगिन करून बघा.